हसवणारी जाहिरात आणि खपणारा माल

(भिंगार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय वरवर पाहता हलकाफुलका वाटेल. मोबाइलवर एखादी गमतीदार जाहिरात येते, माणूस ती पाहून हसतो, चार जणांना पाठवतो आणि दोन दिवसांत ती गावभर होते. अशा जाहिरातीने मालाचा खप खरोखर वाढतो काय, एवढाच प्रश्न आहे. परंतु या प्रश्नाला आपल्या भागात एक गंभीर बाजू आहे. नगर तालुक्यातील खेड्यांतून पापड, लोणची, मसाले, शेवया घेऊन भिंगारच्या आणि नगरच्या बाजारात येणाऱ्या बचत गटांतील स्त्रियांना हल्ली एक नवा मंत्र दिला जातो. चांगली रील करा, ती व्हायरल झाली की माल आपोआप जाईल. माल गेला नाही, तर दोष रील न जमणाऱ्या बाईचा. भांडवल, बाजारपेठ, दुकानदाराकडे थकलेली उधारी आणि वाहतूक हे सारे प्रश्न एका चित्रफितीने सुटतील, असा या उपदेशाचा अर्थ होतो. तो खरा असेल तर कार्यकर्त्यांनी तो घरोघर पोहोचवला पाहिजे. खोटा असेल तर त्यापायी वाया जाणारे श्रम आणि पैसा वाचवला पाहिजे. म्हणून पुराव्यानिशी विचार करणे अगत्याचे आहे.

लिज्जतचा ससा

पापडाचीच गोष्ट निघाली आहे, तर पापडाच्याच उदाहरणाने आरंभ करणे योग्य होईल. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर लिज्जत पापडाची जाहिरात लागे. तीत पापड खाऊन खदखदा हसणारा एक ससा असे. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला होता. त्या ससाने एका पिढीला हसवले, आणि आज पन्नाशी-साठीच्या माणसांना तो अजून आठवतो. गमतीदार जाहिरातीने माल खपतो, या म्हणण्याला याहून चांगला पुरावा कोणता, असे कोणासही वाटेल.

परंतु तारखा जुळवून पाहिल्या की चित्र पालटते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन हे काम सुरू केले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी यांच्या साह्याने पापड वाळवण्याची युक्ती निघाली आणि काम बारमाही झाले. १९६२-६३ साली विक्री एक लाख ब्याऐंशी हजारांच्या घरात गेली. म्हणजे तीन-चार वर्षांत ती जवळजवळ तीस पटींनी वाढली. त्या वेळी विविध भारतीवर व्यापारी जाहिराती नव्हत्या. मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरू झाल्या. मुंबईत दूरदर्शन केंद्र आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि दूरदर्शनवर जाहिराती आल्या १ जानेवारी १९७६ पासून. ससा जन्माला येण्यापूर्वी वीस वर्षे पापड खपत होता.

तो कशाने खपत होता? पीठ मध्यवर्ती ठिकाणी मळले जाई, म्हणून चव सारखी राहिली. पापड लाटणाऱ्या बहिणीला तिची वणाई वेळच्या वेळी मिळे, म्हणून काम नेटके झाले. नफ्यातोट्यात सर्व भगिनी भागीदार होत्या, म्हणून मालाची प्रतिष्ठा ही प्रत्येकीची प्रतिष्ठा ठरली. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. त्यातून खेळते भांडवल आणि सवलती मिळाल्या. एवढी इमारत उभी राहिल्यावर ससा आला. त्याने या मालाचे नाव देशभर लक्षात राहील अशी व्यवस्था केली, आणि ज्याला नाव आठवले त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पापड मिळाला. ससाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्याचे स्थान मात्र कळसाचे होते, पायाचे नव्हते.

ललिताजी आणि सायकलवरचा साबण

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात दोन गाजलेल्या जाहिरातींची गाठ पडली. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या घरी धुण्याची पावडर तयार करून सायकलवरून विकण्यास प्रारंभ केला. तीच निरमा. हिंदुस्थान लिव्हरच्या सर्फच्या तुलनेत तिची किंमत एक तृतीयांशाहूनही कमी होती. सर्फ परवडत नाही म्हणून वडीने कपडे धुणाऱ्या लक्षावधी घरांत पावडर प्रथमच शिरली ती या किमतीमुळे. निरमाचे दूरदर्शनवरील गाणे पोरासोरांच्या तोंडी बसले खरे, पण ते १९८०च्या दशकातले. त्यापूर्वी दहा-बारा वर्षे निरमाने बाजार पायी तुडवला होता.

या आक्रमणाला उत्तर म्हणून सर्फने जाहिरातीत ललिताजी आणल्या. अलेक पदमसी यांच्या कल्पनेतून आलेली ही चोखंदळ, ठणकावून बोलणारी गृहिणी घराघरांत पोहोचली. स्वस्त घेणे आणि शहाणपणाने घेणे यांत फरक आहे, हा तिचा युक्तिवाद होता. भारतीय जाहिरातीच्या इतिहासात तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. तरीही हिंदुस्थान लिव्हरला १९८७ साली व्हील ही स्वस्त पावडर बाजारात आणावीच लागली. ललिताजींचा युक्तिवाद ज्या गृहिणीच्या डब्यात महिनाअखेरीस पैसेच उरत नव्हते, तिच्यापर्यंत पोहोचूनही उपयोगाचा नव्हता. सर्फ घेणाऱ्यांपैकी काहींना तिने सर्फपाशी धरून ठेवले असेल. परंतु जो वर्ग किमतीमुळे निरमाकडे गेला होता, त्याच्यासाठी किमतीलाच उत्तर द्यावे लागले. लोकप्रिय जाहिरात आणि लोकांना परवडणारी किंमत यांचा सामना झाला, तेव्हा जाहिरात ज्या कंपनीची होती, त्या कंपनीनेच किमतीचा निकाल मान्य केला.

फेविकॉलचे उदाहरणही याच जातीचे आहे. त्याच्या विनोदी जाहिरातींवर सारा देश हसतो. परंतु हसणाऱ्या शंभरांतील नव्वद जण फेविकॉलचा डबा कधी विकत घेत नाहीत. तो घेतो किंवा सुचवतो तो सुतार. १९५९ साली हा डिंक बाजारात आला, त्यानंतर बळवंतराय पारेख यांच्या माणसांनी थेट सुतारांशी संबंध जोडला. सरसाप्रमाणे तो उकळावा लागत नाही, हे त्यांनी त्यांना हाताने करून दाखवले. लाकूड चिकटले, ते टिकले, आणि मग विनोदाला अर्थ आला. चिकटत नसलेल्या डिंकाच्या चिकटपणावर विनोद केला असता, तर लोक कंपनीलाच हसले असते.

मोजमापाची अडचण

यावर कोणी म्हणेल, की ही जुनी उदाहरणे झाली. मोबाइलच्या युगात हिशेब निराळा आहे. तेव्हा नव्या युगाचाच पुरावा पाहू. २०१० साली अमेरिकेत ओल्ड स्पाइस या अंगाच्या द्रवसाबणाची एक गमतीदार चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली, आणि त्या उन्हाळ्यात साबणाची विक्रीही जोरात वाढली. जाहिरातसंस्थांनी या यशाचा डंका जगभर पिटला. परंतु त्याच काळात कंपनीने सवलतीची कूपनेही मोठ्या प्रमाणावर वाटली होती. विक्री विनोदाने वाढली की सवलतीने, हे कसे वेगळे काढणार? आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर जाहिराती वाढतात आणि दिवाळीतच खप वाढतो. त्यावरून जाहिरातीने खप वाढवला असे म्हणणे, म्हणजे कोंबडा आरवला म्हणून उजाडले असे म्हणण्यासारखे आहे.

अर्थशास्त्रज्ञांनी हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. शपिरो, हिच आणि टुचमन यांनी अमेरिकेतील रोजच्या वापराच्या २८८ मालांच्या दूरचित्रवाणी जाहिरातींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या आकड्यांचा साध्या भाषेतील अर्थ असा, की क्रमवारीत मधोमध असलेल्या मालाची जाहिरात दुप्पट केली, तर विक्री जेमतेम एका टक्क्याच्या आसपास वाढते. ऐंशी टक्क्यांहून अधिक मालांच्या बाबतीत जाहिरातीवर घातलेला शेवटचा रुपया स्वतःची भरपाईही करत नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बल या बलाढ्य कंपनीने २०१७ सालच्या एप्रिल ते जून या तिमाहीत इंटरनेटवरील जाहिरातींत दहा कोटी डॉलरांहून अधिक कपात केली. विक्रीवर जाणवण्याजोगा परिणाम झाला नाही, असे खुद्द कंपनीनेच सांगितले.

याचा अर्थ जाहिरात कधीच चालत नाही असा नव्हे. २०१२ साली अमेरिकेतच एका नव्या कंपनीने दाढीची पाती घरपोच देण्याची योजना एका विनोदी चित्रफितीतून जाहीर केली, आणि दोन दिवसांत सुमारे बारा हजार मागण्या आल्या. तेथे चित्रफीत खरोखर कामी आली. पण ती काय सांगत होती? महागड्या पात्यांच्या मक्तेदारीला पर्याय आहे, तो महिना एका डॉलरपासून मिळतो, आणि आत्ता या क्षणी मागवता येतो. म्हणजे किंमत, माल आणि पुरवठा हे तिन्ही तयार होते आणि लोकांना ते ठाऊक नव्हते. विनोदाने फक्त वार्ता पोहोचवली. आल्फ्रेड मार्शल यांनी १९१९ सालीच विधायक जाहिरात आणि झुंजीची जाहिरात असा भेद केला होता. लोकांना ठाऊक नसलेली उपयुक्त गोष्ट सांगणारी ती विधायक. जे सर्वांना ठाऊक आहे ते कानीकपाळी ओरडून प्रतिस्पर्ध्याचे गिऱ्हाईक ओढणारी ती झुंजीची. आजच्या जाहिरातींतील फार मोठा भाग दुसऱ्या प्रकारात मोडतो.

मग कंपन्या खर्च का करतात?

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. परिणाम इतका तुटपुंजा असेल, तर हिशेबात पक्के असलेले भांडवलदार जाहिरातीवर एवढा पैसा का ओततात? एकट्या हिंदुस्थान युनिलिव्हरचा जाहिरात आणि विक्रीवाढीवरचा वार्षिक खर्च चार हजार कोटी रुपयांहून अधिक आहे.

या शंकेला तीन उत्तरे आहेत. पहिले, शस्त्रस्पर्धेचे. दोन्ही बाजूंनी तोफा आणल्या की कोणाचीच सीमा पुढे सरकत नाही, पण एकाने तोफ मागे घेतली की धोका उत्पन्न होतो. अमेरिकेत २ जानेवारी १९७१ पासून रेडिओ व दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी झाली. त्यानंतर कंपन्यांचा जाहिरातखर्च घटला आणि नफा वाढला. हे उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिले जाते. जे थांबवण्याची एकेका कंपनीची छाती नव्हती, ते कायद्याने थांबवले तेव्हा कंपन्यांचाच फायदा झाला.

दुसरे उत्तर मक्तेदारीचे. निकोलस कॅल्डॉर यांनी १९५० साली दाखवून दिले, की जाहिरातीचा खर्च मोठ्या उत्पादकाला पेलतो, लहानाला पेलत नाही, आणि त्यामुळे उद्योग मूठभरांच्या हाती एकवटत जातो. बारान आणि स्वीझी यांनी १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात हाच विचार पुढे नेला. मक्तेदार कंपन्या किमतीची स्पर्धा टाळतात आणि विक्रीच्या खटपटींची स्पर्धा करतात. म्हणजे जाहिरातीने कंपनीचा खप वाढो न वाढो, नव्याने येऊ पाहणाऱ्या लहान उत्पादकापुढे ती भिंत उभी करते. ही भिंत हाच तिचा खरा परतावा आहे.

तिसरे उत्तर म्हणजे, हा खर्च कंपनी स्वतः सोसत नाही. तो साबणाच्या वडीत आणि चहाच्या पुडीत मिसळून ग्राहकाकडून वसूल होतो. जिने जाहिरात पाहिलीही नाही, त्या मोलकरणीलाही तो भरावा लागतो. शिवाय आयकरात तो धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळतो. १९७८ साली जनता सरकारने या वजावटीचा काही अंश नाकारण्याची तरतूद केली होती. ती १९८०मध्ये काढली गेली, १९८३मध्ये पुन्हा आली आणि १९८५मध्ये पुन्हा गेली. आपल्या चळवळीतही या तरतुदीचा बहुतेकांना विसर पडला आहे.

डाव्या विचारवंतांच्या एका अतिशयोक्तीचीही येथे दखल घेतली पाहिजे. जाहिरात माणसाच्या मनाचा ताबा घेते आणि त्याला कळसूत्री बाहुली बनवते, असे आपल्याकडे वारंवार लिहिले गेले. वस्तुतः ही जाहिरातवाल्यांनी स्वतःविषयी पसरवलेली ख्याती आहे. आपण तिच्यावर विश्वास ठेवून त्यांचेच काम करतो. कामकरी स्त्री भाव पाहून, वजन पाहून, मागच्या वेळचा अनुभव आठवून माल घेते. तिच्या शहाणपणावर समाजवाद्यांनी जाहिरातवाल्यांहून अधिक भरवसा ठेवला पाहिजे.

बचत गटाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एका गटाची पापडाची रील एक लाख लोकांनी पाहिली. हजारात एकाने मागणी नोंदवली, तर शंभर पाकिटांची मागणी आली. अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत १२० रुपये धरू. डाळ, मसाला, तेल आणि मजुरी मिळून ८५ रुपये, वेष्टन ५ रुपये आणि कुरिअर ६० रुपये. एकूण खर्च १५० रुपये. गटाने कुरिअर स्वतः सोसले तर पाकिटामागे तीस रुपये, म्हणजे शंभर पाकिटांत तीन हजार रुपये तोटा होतो. ग्राहकाने सोसले तर त्याला १२० रुपयांचा पापड १८० रुपयांना पडतो, आणि तो दुसऱ्यांदा मागवत नाही. शंभर मागण्या शंभर गावांतून आलेल्या असतात आणि पुढच्या महिन्यात त्या येतीलच असे नाही.

याउलट, नगर-भिंगारमधील पाच खानावळींनी किंवा वसतिगृहांनी आठवड्याला प्रत्येकी चार किलो पापड घेण्याचे ठरवले, तर वर्षाला हजार किलोंहून अधिक माल जातो. घाऊक भाव किलोला २०० रुपये आणि खर्च १७० रुपये धरला, तरी मजुरी भागून वर्षाला तीस हजारांहून अधिक रुपये शिल्लक राहतात. हे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. प्रत्येक गटाने आपले आकडे घालून हिशेब करावा. पण हिशेब केल्याशिवाय रीलच्या मागे लागू नये.

रील फुकट असते, हाही एक भ्रम आहे. ती कोणाला दाखवायची हे मोबाइलमागची परदेशी कंपनी ठरवते. आज ती हजारोंना फुकट दाखवील आणि उद्या त्याच हजारोंपर्यंत पोहोचण्याचे भाडे मागेल. डल्लास स्माइथ या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ साली असा विचार मांडला, की प्रसारमाध्यमे जाहिरातदारांना जो माल विकतात तो माल म्हणजे प्रेक्षक. रील करणारी बाई स्वतःला विक्रेती समजते. प्रत्यक्षात तिच्या कष्टांनी प्रेक्षक गोळा होतात आणि ते विकण्याचा नफा दुसऱ्याच्या खिशात जातो.

कार्यकर्त्यांपुढील काम

या विवेचनातून निष्पन्न होणारी कामे स्पष्ट आहेत. पहिले, एकेकट्या गटाने आपापले नाव गाजवण्याऐवजी अनेक गटांनी एक नाव, एक प्रत आणि एक भाव ठरवावा. याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०मध्ये प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, तो एकत्र येण्याच्या बळावर. पुढे सहकारात कोणत्या अपप्रवृत्ती शिरल्या ते सर्वांना ठाऊक आहे, परंतु मूळ धडा त्याने खोटा ठरत नाही. दुसरे, उधारी. लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ सालचा सूक्ष्म व लघुउद्योगांचा कायदा सांगतो. नोंदणी असलेल्या गटाला या कायद्याचा आधार घेता येतो. ज्या गटांची नोंदणी नाही, त्यांची ती करून देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. तिसरे, शासनाच्या प्रशिक्षणाचा पैसा रील शिकवण्याआधी मालाची तपासणी, टिकाऊ वेष्टन आणि दुकानातील जागा यांवर खर्च व्हावा, ही मागणी लावून धरावी. चौथे, २०१९ सालचा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालील २०२२ सालची मार्गदर्शक तत्त्वे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मज्जाव करतात, आणि पैसे घेऊन शिफारस करणाऱ्याने तो संबंध उघड करावा असे सांगतात. यांचा भंग दिसला की तक्रार नोंदवावी. पाचवे, अवाढव्य जाहिरातखर्चाला करात मिळणारी सवलत मर्यादित करण्याची १९७८ सालची मागणी पक्षाने पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावी.

आणि गटांतील मुलींना चित्रफीत करायची हौस असेल तर त्यांना कोणी अडवू नये. हसणे-हसवणे हे काही भांडवलदारांचे राखीव कुरण नव्हे. मात्र त्या चित्रफितीत पापडाचा भाव, वजन आणि तो भिंगारमध्ये कोठे मिळतो ते सांगितलेले असावे, आणि ते ऐकून माणूस तेथे गेला तर तेथे पापड असावा. पुढील बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या वॉर्डातील नियमित माल घेऊ शकतील अशा पाच खानावळी, वसतिगृहे किंवा दुकाने यांची यादी आणावी. कामाला आरंभ त्या यादीपासून व्हावा.